मदत हवी आहे: केरळचा समाज दाखवणारे मल्याळम सिनेमे सुचवा

मंडळी, आमच्या फिल्म क्लबात मल्याळम सिनेमावर छोटी मालिका करायचं ठरलंय आणि निवड माझ्या गळ्यात पडलीय. थ्रिलर नकोत, ते सगळ्यांनी ओटीटीवर बघून झालेत. तिथली माणसं, जात, घर, पोटापाण्याचे प्रश्न दिसायला हवेत.

आतापर्यंतची यादी: सरंजामी घराची पडझड म्हणून अदूर गोपालकृष्णन यांचा 'एलिप्पत्तायम' (१९८१). मलप्पुरमच्या सेव्हन्स (सात-सात खेळाडूंच्या) फुटबॉलसाठी 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८). त्यात जखमी परदेशी खेळाडूची शुश्रूषा करणाऱ्या दोन आयाबायांनीच सिनेमा खाल्लाय. 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) तर हवाच. सासऱ्यांना भात चुलीवरचाच लागतो, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा टेबलावर तशाच टाकलेल्या असतात, आणि गळकं सिंक दुरुस्त करायला नवऱ्याला सवड नाही. हे बघून आपल्याकडचेही काहीजण खुर्चीत चुळबुळतील, असा माझा अंदाज (आणि थोडी इच्छाही).

अडलंय दोन ठिकाणी. आखातात गेलेल्यांवर 'वरवेल्पु' (१९८९) घ्यावा की 'पत्तेमारी' (२०१५)? पहिल्यात परतलेला माणूस बस घेतो आणि युनियनच्या कचाट्यात सापडतो. हसतखेळत आहे, पण युनियनवाल्यांना जरा एकतर्फी झोडपलंय असं मला वाटतं. दुसरी अडचण म्हणजे, दलितांच्या जमिनी गिळत कोची कशी वाढली ते 'कम्मट्टिपाडम' (२०१६) दाखवतो. त्याखेरीज जातीवर थेट बोलणारं काय आहे?

केरळात राहिलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. इंग्रजी सबटायटल्स कुठे नीट मिळतात तेही सांगा.