अनुभव धागा: इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘प्रोलॅप्स’ (झडपेचा पडदा मागे झुकणं), जेवण तुटलेलं आणि छातीत धडधड

खाण्याचा विकार किंवा पॅनिक (अचानक तीव्र भीतीचे झटके) असलेल्या पेशंटच्या मायट्रल झडपेबद्दल (हृदयाच्या डाव्या बाजूची कर्णिका आणि जवनिका, म्हणजे वरचा आणि खालचा कप्पा, यांच्यामधली झडप), पुण्यात हे काम रोज करणाऱ्यांनी नेमकं काय बघता ते लिहावं.

इको करणारी, डेक्कन
प्रोलॅप्स पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमधूनच (छातीच्या हाडाशेजारून घेतलेलं हृदयाचं लांबीतलं दृश्य) ठरवा. पडदा झडपेच्या कड्याच्या रेषेपलीकडे डाव्या कर्णिकेत 2 मिमीहून जास्त झुकला तरच. कडं खोगिरासारखं वाकलेलं असतं, त्यामुळे फोर-चेंबरमध्ये (चारही कप्पे दिसणाऱ्या दृश्यात) निरोगी झडपही झुकलेली दिसते. पडद्याची जाडी (5 मिमीपासून पुढे महत्त्वाची) आणि गळती (झडपेतून रक्त मागे जाणं) वेगवेगळी नोंदवा. ॲनोरेक्सियात (वजनाच्या भीतीने खाणं तोडण्याच्या विकारात) जवनिकेचा स्नायू झिजतो, पोकळी आक्रसते, पडदे मात्र तेवढेच राहतात आणि सैल पडतात. वजन भरलं की बऱ्याच जणांत हे आपोआप सुधारतं. म्हणून रिपोर्टवर त्या दिवसाचं वजन लिहाच, नाहीतर पुढचा इको कशाशी ताडणार?

फिजिशियन, हडपसर
धडधड आहे म्हणून लगेच प्रोप्रानोलॉल (नाडी मंदावणारं औषध) नको. उपाशी शरीराची नाडी बऱ्याचदा 50 च्या खाली असते, ती आणखी उतरेल. आधी ईसीजी. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम 3.5 mmol/L च्या खाली जाऊ शकतं, क्यूटी (ईसीजीवर मोजला जाणारा, प्रत्येक ठोक्याचा विद्युत काळ) लांबतो. तिथे जीवाला धोका झडपेचा नाही, हृदयाच्या लयीचा असतो. पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. धडधडीत चक्कर येऊन पडलं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.

आहारतज्ज्ञ, कोथरूड
घरचे काळजीपोटी एकदम भरलं ताट पुढे करतात. बरेच दिवस उपाशी असलेल्याला अचानक भात-साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं, फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, रक्तातलं घसरतं आणि हृदयाचा स्नायू दमतो. आधी थायमिन (जीवनसत्त्व बी1), मग थोडं थोडं खाणं. सुरुवातीच्या दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासा.

समुपदेशक, सदाशिव पेठ
जुन्या ढिल्या निकषांमुळे पॅनिक आणि प्रोलॅप्सचं नातं फार घट्ट वाटायचं. 1999 च्या फ्रेमिंगहॅम (अमेरिका) पाहणीत नव्या निकषांनी सर्वसामान्यांत प्रमाण 2.4 टक्केच निघालं. ‘व्हॉल्व्ह खराब’ ऐकून पेशंट जिना चढणंही सोडतो, म्हणून गळती आहे की नाही हे डॉक्टरांकडून त्याच्यासमोर वदवून घ्या. पण ‘मनाचंच आहे’ म्हणून ईसीजी टाळू नका. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416. मराठीतही बोलता येतं.