गरोदरपणी योनीस्रावाचा पीएच ५: उपचार करावा का?

प्रश्न: १८ वा आठवडा, तक्रार काहीच नाही. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५, नुजंट स्कोअर (स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जंतूंच्या समतोलाला दिलेले ० ते १० गुण) ५. एवढ्यावर प्रतिजैविक द्यावं का? आणि जंतू बदलले की प्रतिकारयंत्रणेत नेमकं काय घडतं?

उत्तर १: आधी नमुना कुठून घेतला ते पाहा. गर्भाशयमुखाचा श्लेष्मा ७ च्या आसपास दाखवतो. रक्त, वीर्य, गर्भजल यांनीही आकडा चढतो. योनीच्या बाजूच्या भिंतीवरून पुन्हा घ्या. गर्भजल झिरपत असल्याची शंका असेल तर आधी तिचा निकाल लावा, बाकी सगळं नंतर. नुजंट ४ ते ६ ही मधली अवस्था. बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतले चांगले जंतू घटून इतर जंतू माजणं) ७ पासून.

उत्तर २: इस्ट्रोजेन वाढलं की पेशींत ग्लायकोजेन साठतं. त्याच्या विघटनातून लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा चांगला जंतू लॅक्टिक आम्ल बनवतो, पीएच ४.५ खाली राहतो, दाहही शांत राहतो. गार्डनेरेला आणि सोबतचे जंतू माजले की त्यांचं सियालिडेज विकर (एन्झाइम) श्लेष्म्याचं कवच तोडतं. पेशींचे टोल-सदृश ग्राही (जंतू ओळखणारी प्रथिनं) जागे होतात, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि ८ (दाहाचा संदेश देणारी प्रथिनं) वाढतात. पुढे प्रोस्टाग्लँडिन (गर्भाशय आकुंचित करणारं रसायन) वाढतं आणि कोलॅजेन (ऊतींना घट्टपणा देणारं प्रथिन) तोडणारी विकरंही. गर्भाशयमुख अवेळी मऊ पडण्याची भीती आहे ती इथेच.

उत्तर ३: तरी सरसकट गोळ्या नकोत. फ्रान्समधल्या प्रेमेव्हा चाचणीत (२०१८) कमी जोखमीच्या स्त्रियांना क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक देऊनही अकाली प्रसूती घटल्या नाहीत. पातळ राखाडी स्राव, माशासारखा वास अशी लक्षणं असतील आणि निदान पक्कं झालं, तर नेहमीचा डोस मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस; अर्थात डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. योनी आतून धुणं मात्र कृपया पूर्ण बंद करा, त्यात लॅक्टोबॅसिलसच वाहून जातात.