मदत हवी आहे: जुलाबात लघवी झाली की नाही हे कळत नाहीये, दवाखान्यात कधी न्यावं?

मुलगा दीड वर्षाचा. काल दुपारपासून उलट्या, रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब. शौचात रक्त नाही, उलटी हिरवी नाही, अंग थोडं कोमट आहे.

ओआरएसचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात कालवून ठेवलंय. वाटीने पाजलं की लगेच बाहेर काढतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा दिला तर टिकतं. अंगावरचं दूध चालू आहे. आशाताईंनी दिलेली 20 मिग्रॅची झिंकची गोळीही सुरू केलीय. जुलाब थांबवायचं औषध इतक्या लहान मुलाला देणार नाही, कृपया ते सुचवू नका.

खरी काळजी लघवीची. सकाळी लंगोट ओला होता, त्यानंतर सगळं इतकं पातळ की वेगळं काही ओळखूच येत नाही. रडताना डोळ्यांत पाणी येतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते. पण जीभ चिकट लागते आणि खेळणं बंद आहे. हाक मारली की बघतो.

ग्रामीण रुग्णालय घाटापलीकडे, अंधार पडल्यावर गाडी मिळणं अवघड. 108 आहे, पण इथवर यायला वेळ लागतो. एवढ्यावरच उजेडात निघावं का? आणि लघवी कळत नसेल तर अंगातलं पाणी कमी होतंय हे कशावरून ओळखायचं?