'पोटगी'ला दुसरा शब्द आहे का?

अर्धविराम: घटस्फोटाच्या दाव्यातलं एक प्रतिज्ञापत्र मराठीत करतेय. बाई बावीस वर्षं घरी होत्या, दोन मुलं वाढवली. पहिल्या बाळंतपणात नोकरी सुटली ती सुटलीच. 'अ‍ॅलिमनी'ला मी सवयीने 'पोटगी' लिहिलं. मसुदा परत आला तो त्या शब्दाभोवती पेनाने गोल करून. शेजारी बाईंच्या अक्षरात: "मी पोटासाठी मागत नाही." आता काय लिहू?

जुना कारकून: पोटगीच लिहा. पक्षकारांच्या तोंडी 'खावटी' असतं, जुन्या कागदांत 'अन्नवस्त्र'. सगळं खाण्याजेवणावरच. हिंदू विवाह कायद्याचं (१९५५) कलम २४ दावा चालू असतानाच्या रकमेचं, २५ कायमच्या. दोन्हींत नवरा किंवा बायको, कोणीही मागू शकतं. लाजायचं काय त्यात?

तिरकी रेघ: प्रश्न लाजेचा नाही. पोटगी म्हटलं की देणारा अन्नदाता होऊन बसतो. 'निर्वाहखर्च' लिहा.

जुना कारकून: आणि 'कसाबसा निर्वाह चालतो' कुणाबद्दल म्हणतो आपण? मान वाढला कुठे?

पोटार्थी: 'अ‍ॅलिमनी'सुद्धा लॅटिन 'आलेरे'वरून आलाय, म्हणजे पोसणे. लॅटिनमधलं पोट आपल्याला दिसत नाही, म्हणून तो शब्द सभ्य वाटतो इतकंच. मला कुतूहल त्या 'गी'चं. परवाना-परवानगी, रवाना-रवानगी, तोच फारसी प्रत्यय पोटाला चिकटला असणार.

व्याकरणवेडा: तो 'गी' परवाना, रवाना अशांना लागतो. 'पोट' कुठे आकारान्त आहे?

पोटार्थी: 'देणगी'चं काय मग? प्रत्यय एकदा घरात शिरला की नियम विचारत बसत नाही.

मधली सुट्टी: मावशीला घटस्फोटानंतर दरमहा रक्कम यायची. ती हिशेबाच्या वहीत 'पगार' लिहायची. आजोबा ते खोडून 'पोटगी' करायचे, ती पुन्हा 'पगार'. वही अजून आहे. दोन-तीन पानं त्या जागी खोडून खोडून फाटलीत.

तिरकी रेघ: मावशींना नमस्कार!

व्याकरणवेडा: पगार पोर्तुगीज आहे.

तिरकी रेघ: असू द्या हो. फारसी नको, पोर्तुगीज नको, मग उरतं 'भरणपोषण'. घरात कोण बोलतं तसं?

अर्धविराम: 'पगार' मलाही आवडला, पण कोर्टात नाही चालणार. 'बावीस वर्षांचा हिस्सा' कसं वाटतं?

जुना कारकून: अजिबात नको. हिस्सा म्हटलं की मालमत्तेची वाटणी मागताय असा अर्थ लागेल. पोटगी वेगळी, वाटणी वेगळी. एका शब्दापायी समोरचा वकील अर्धा तास खाईल.

मधली सुट्टी: 'भरपाई'? फ्रेंच कायद्यातला शब्द त्याच अर्थाचा आहे. लग्न मोडल्यामुळे दोघांच्या राहणीमानात जी तफावत पडते, ती भरून काढायची.

तिरकी रेघ: हे बरंय. बाईंचं म्हणणं तेच दिसतंय. बावीस वर्षांत त्याची बढती होत गेली, हिची नोकरीतली पहिली पायरीही गेली. हे पोटाचं दुखणं नव्हे.

जुना कारकून: आपल्याकडे भरपाई नुकसानीची असते. मुलं वाढवली ते नुकसान?

मधली सुट्टी: आणि घरी बाप राहिला असेल तर त्याला काय म्हणायचं? 'घरबशा' तर शिवीच झाली.

पोटार्थी: गृहस्थ! शब्दशः 'घरात राहणारा'. नेमका तोच शब्द आपण बाहेर जाऊन कमावणाऱ्याला देऊन टाकला.

अर्धविराम: हाहा. पण मला सोमवारी मसुदा द्यायचाय. तपशिलात 'व्यवसाय'पुढे आधीच्या कुणीतरी 'काही नाही' लिहून ठेवलंय, तेही बदलायचंय.

व्याकरणवेडा: बदलायचंच तर आधी 'घटस्फोट' बदला. धर्मशास्त्रात तो पतिताला बहिष्कृत करताना घडा फोडण्याचा विधी आहे. नवरा-बायकोचा संबंधच नाही.

जुना कारकून: मग काय, 'फारकत' लिहायचं?

पोटार्थी: ते अरबी-फारसीतून आलंय. 'काडीमोड' आपला.

व्याकरणवेडा: 'काडी' कुठून आली ते आधी सांगा.