'फ्रूट्स' बंद पडलं: पोरं संपली की बघणारा दमला?

खिडकीपाशी (धागाकर्ता)

टोकियोच्या हाराजुकू भागातल्या पोरापोरींचे फोटो छापणारं 'फ्रूट्स' हे मासिक १९९७ साली निघालं आणि २३३ अंकांनंतर २०१७ मध्ये थांबलं. ते काढणारे छायाचित्रकार शोइची आओकी यांनी कारण सांगितलं ते असं की, फोटो काढावा असे कपडे घातलेली मुलंच आता रस्त्यावर दिसत नाहीत. बऱ्याच जणांना हे म्हाताऱ्याचं रडगाणं वाटलं. मला ते खरं वाटतं.

त्या मासिकात लेख जवळपास नसतच. पानभर एक फोटो, डोक्यापासून बुटापर्यंत. शेजारी वय, काय करते, कुठली वस्तू कुठल्या दुकानातली. त्यात 'जुन्या कपड्यांचं दुकान' आणि 'स्वतः शिवलंय' हे वारंवार यायचं. किमोनोचा कमरपट्टा, म्हणजे ओबी, विलायती स्कर्टवर बांधलेली मुलगी पाहिली की कळायचं, हे हिला कुणी शिकवलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे रस्त्यामुळे जमलं होतं. १९७७ पासून तिथला मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असे. लोक त्याला 'होकोतेन' म्हणत, पायी चालणाऱ्यांचा स्वर्ग. १९८० च्या आसपास झगझगीत ढगळ कपड्यांतली 'ताकेनोको' टोळकी तिथेच नाचली. १९९८ मध्ये होकोतेन बंद झाला आणि त्याच वर्षी युनिक्लो या स्वस्त कपड्यांच्या साखळीने हाराजुकूत दुकान थाटून स्वस्त फ्लीसची (लोकरीसारखी उबदार) जाकिटं विकायला सुरुवात केली. बसायला जागा उरली नाही. एकमेकांना बघून चढाओढ करायची, तीही गेली.

तिरकस

धागा छान आहे, पण हिशेब चुकतोय. होकोतेन गेला १९९८ मध्ये, म्हणजे मासिक सुरू झाल्यावर जेमतेम वर्षभरात. मग पुढची १८-१९ वर्षं आओकींनी फोटो कुणाचे काढले? भुतांचे?

दुसरं. 'केरा' आणि 'गॉथिक अँड लोलिता बायबल' (लोलिता म्हणजे बाहुलीसारखे झालरीचे घेरदार फ्रॉक) या तिथल्याच फॅशन नियतकालिकांचे छापील अंकही २०१७ मध्येच थांबले. 'क्युटी' त्याआधी २०१५ मध्ये, 'एग' २०१४ मध्ये. एवढ्या जणांचे डोळे एकदम दमले का? कागद मेला हो, पोरं नाही. मुलीच्या हातात फोन आला. आता एका माणसाने तिला रस्त्यात थांबवून 'तू बघण्यासारखी आहेस' असं सांगायची गरज तिला उरली नाही. तीच गरज संपली म्हणून त्या माणसाला वाईट वाटतंय.

खिडकीपाशी

वर्षांचा मुद्दा बरोबर, तो मी गडबडीत एका वाक्यात कोंबला. जागा गेली तरी सवय लगेच जात नाही, एवढंच म्हणेन.

पण 'एग' ला या यादीत घालू नका. ते टोकियोच्याच शिबुया भागातल्या 'ग्यारू' मुलींचं. रापलेली कातडी, रंगवलेले केस, वन-ओ-नाइन इमारतीतली दुकानं. तिथे वाचक मुलीच मॉडेल व्हायच्या आणि बाकीच्या त्यांच्यासारखं दिसायला धडपडायच्या. 'फ्रूट्स' ने कुणाला 'असं घाला' म्हटलं नाही.

तिरकस

म्हटलं नाही? दर महिन्याला शंभर जणांतून कुणाला छापायचं ते एकच माणूस ठरवणार, आणि ते 'सांगणं' नाही? पोरी त्याच्या कॅमेऱ्यासाठी सजून येऊ लागल्या असतील तर नवल काय. शिवाय ते 'एग' २०१८ मध्ये इंटरनेटवर परत आलं. म्हणजे मेलं कोण?

आजोबा_नं_१

रविवारची सकाळ आणि चर्चा कशावर, तर डोक्यावर पन्नास क्लिपा लावणाऱ्या मुलींवर. चालू द्या.

तिरकस

आजोबा, त्या प्रकाराला 'देकोरा' म्हणतात. नावानिशी टीका करा, वजन येतं.

घेरदार

मी शिवणकाम करते, म्हणून वेगळं लिहिते. तुम्ही दोघं फोटोवर भांडताय. 'गॉथिक अँड लोलिता बायबल' मध्ये कपडे बेतायचे नमुने यायचे. २००१ साली निघालं तेव्हापासून कितीतरी मुली त्यावरून घरी शिवत होत्या. लोलिता फ्रॉकचा तो घंटेसारखा घेर दुकानातून आणला तरी आतला फुगा नसेल तर पडतोच. फोन दाखवेल कसं दिसतं ते. काखेत कळी किती घालायची ते नाही. म्हणून ते बंद पडल्याचं मला वाईट वाटतं, पण तुमच्या दोघांच्या कारणासाठी नाही.

निशिकासाई

नऊ वर्षं टोकियोत आहे. हाराजुकूतल्या ताकेशिता गल्लीत रविवारी गेलात तर क्रेपच्या रांगा आणि आमच्यासारखे पाहुणे, कॅमेरे काढून उभे. ज्यांचे फोटो काढायचे ते कमी, काढणारे जास्त! लोलिता मुली आहेत, पण त्या ठरवून चहापानाला जमतात, दाराआड. कुणी येताजाता न विचारता फोटो काढला तर कोण रस्त्यावर उभं राहील? त्यामुळे आओकींना दिसल्या नाहीत हे खरं, आणि संपल्या नाहीत हेही खरं.

खिडकीपाशी

हे मान्य. पण मग दाराआडच्या मुलीला बघून बाजूची शाळकरी पोरगी घरी जाऊन ओबी शोधणार कशी? माझं दुखणं तिथे आहे. फोनवर तिला तिच्या आवडीचंच दिसतं. रस्त्यावर न आवडणारंही दिसायचं.

तिरकस

यावर आत्ता उत्तर नाही माझ्याकडे. आवडलं नाही, पण नाही.

घेरदार

निशिकासाई, आतल्या फुग्याला तिथे 'पॅनिए' म्हणतात ना? लेकीला हवाय. इथे लेहेंग्याचं कॅनकॅन लावून बघितलं, पण तो घेर खाली पसरतो, कमरेपाशी फुगत नाही. तिथल्यात जाळीचे थर किती असतात, दुकानात गेलात तर मोजून सांगाल का?

निशिकासाई

बघतो. बायकोला घेऊन जावं लागेल, एकटा गेलो तर बरं दिसणार नाही.