छतावरच्या सोलरला वेगळा अर्थ रॉड हवाच का?

गच्चीकर
घरावर सोलर बसवतोय. स्ट्रक्चर आणि बारा पॅनेल चढलेत, वायरिंग बाकी आहे, आणि अर्थिंगवर गाडं अडलंय. एक इन्स्टॉलर म्हणतो, पॅनेलच्या फ्रेमपासून तार थेट खाली आणायची, स्वतंत्र रॉड ठोकायचा आणि घराच्या अर्थला हातही लावायचा नाही, म्हणजे वीज पडली तर घरात शिरणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, रॉडबिड काही नको, हिरवी तार इन्व्हर्टरवरून (पॅनेलच्या डीसीचं घरासाठी एसी करणारा डबा) मेन बोर्डाच्या अर्थला नेली की काम झालं. दोघंही कोडचा हवाला देतात. म्हणून अमेरिकेच्या एनईसीचं, म्हणजे तिथल्या वायरिंगच्या नियमावलीचं, कलम ६९०.४७ काढून बघितलं. २००८ मध्ये पॅनेलसाठी वेगळा रॉड बंधनकारक, २०११ मध्ये ती अट गायब, २०१४ मध्ये परत हजर, आणि २०१७ पासून ‘लावायचा तर लावा’. कोड लिहिणाऱ्यांचंच एकमत नाही, तर आम्ही काय करायचं? मला पहिल्याचं पटतंय. एक रॉड जास्त ठोकला तर बिघडलं कुठे?

तारतंत्री
रॉड जास्त ठोकल्याने काही बिघडत नाही. ‘घराच्या अर्थला हात लावायचा नाही’ इथे बिघडतं.

समजा इन्व्हर्टरच्या एसी बाजूची फेज फ्रेमला लागली आणि फ्रेम फक्त त्या रॉडला जोडलेली आहे. रॉडचा रोध २५ ओहम धरू. एकटा रॉड चालवून घ्यायला एनईसीने हीच मर्यादा घातली आहे. २३० भागिले २५ म्हणजे ९.२ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही आणि फ्रेम जिवंत राहील. पॅनेल धुवायला पाइप घेऊन वर कोण जाणार, तर तुम्हीच. म्हणूनच कलम २५०.४ मध्ये साफ लिहिलंय की फॉल्ट करंट (बिघाडात भलतीकडे वाहणारा करंट) परत यायचा मार्ग म्हणून जमिनीला धरायचं नाही. त्याला अखंड तारच लागते.

जुना वायरमन
कागदावर ठीक आहे. आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की उडणारा स्विच) असेल तर ९ अँपिअर कशाला, ३० मिलिअँपिअरलाच उडेल. ते सोडून दिलंत.

आणि प्रश्न आकाशातून पडणाऱ्या विजेचा होता. छतापासून मेन बोर्डापर्यंतची तार घरातून वळणं घेत जाते. मीटरभर तारेत साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट झटकन बदलायला तारेचा विरोध), म्हणजे दहा मीटरला दहा. विजेचा करंट मायक्रोसेकंदाला दहा किलोअँपिअरने चढला तर तारेच्या दोन टोकांत लाखभर व्होल्ट उभे राहतात. हे तुम्ही बेडरूमच्या भिंतीतून नेणार? त्यापेक्षा बाहेरून सरळसोट खाली आणि रॉड. २०१४ मध्ये ती अट उगाच परत आली नव्हती.

तारतंत्री
आरसीसीबीचं मान्य, तो उडेल. पण डीसी बाजूचा फॉल्ट त्याला दिसत नाही. त्यावर इन्व्हर्टरच्या आतला लीकेज मॉनिटरच नजर ठेवतो.

बाहेरून सरळ तार, तीही मान्य. रॉडही ठोका. माझा आग्रह एवढाच की तो रॉड खाली घराच्या अर्थला जाड तारेने बांधा. नाहीतर तुमचंच गणित पुढे न्या. दहा किलोअँपिअर दहा ओहमच्या रॉडमध्ये उतरले की तो रॉड लाखभर व्होल्टवर चढतो, आणि घराचा अर्थ मात्र जागच्या जागी. हे दोन अर्थ भेटतात कुठे? इन्व्हर्टरच्या पोटात. भडका तिथेच उडणार. वीज संरक्षणाचं आयईसी ६२३०५-३ हे मानकसुद्धा सगळ्या कामांना मिळून एकच जोडलेली अर्थिंग व्यवस्था पसंत करतं.

जुना वायरमन
आणि बांधलं की तोच लाख व्होल्ट फ्रिज-टीव्हीच्या अर्थवर.

तारतंत्री
हो, पण सगळं एकदम वर चढतं. दोन वस्तूंमध्ये फरक पडला तर धोका. बाहेरून येणाऱ्या तारांसाठी एसपीडी (अचानक चढलेलं व्होल्टेज अर्थकडे वळवणारे) लावायचे, डीसीला आणि एसीलाही.

जुना वायरमन
एसपीडी मेला तरी वर्षानुवर्षं कोणी त्याच्या खिडकीतला बिघाड दाखवणारा रंग बघत नाही. असो. बांधलेला रॉड चालेल मला, पण रॉडच नको म्हणणाऱ्या दुसऱ्या इन्स्टॉलरला मी पास करणार नाही.

शंकेखोर
तुम्ही दोघं जमिनीत अडकलात, घोळ वर असतो. फ्रेमच्या अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा, थर असतो आणि तो वीज वाहून नेत नाही. नुसता क्लॅम्प आवळून फ्रेम रेलला (पॅनेल ज्यावर बसतात त्या पट्टीला) ‘जोडली’ असं होत नाही. थर फोडणारे दातेरी वॉशर किंवा बाँडिंगसाठी (धातूचे भाग विजेच्या दृष्टीने एकत्र जोडण्यासाठी) तपासलेले क्लॅम्प लागतात. त्यात कोणीतरी उघडी तांब्याची तार थेट अ‍ॅल्युमिनियमला बांधतो. दोन पावसाळे गेले की तिथे पांढरी भुकटी आणि सांधा गेला. कथील चढवलेली लग (तारेच्या टोकाला लावायची जोडपट्टी) वापरायची, हे कोण सांगणार?

अवांतर: पाऊस थांबल्यावर फ्रेमला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, हा अनुभव मी घेतलाय. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये पॅनेल आणि फ्रेम यांच्यात कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) थोडं लीकेज, म्हणजे करंटची गळती, असतंच, ओल्या पॅनेलला जास्त. फ्रेमचा अर्थ धड असता तर ते हाताला कळलंही नसतं. माझा रॉड उत्तम होता बरं का. फ्रेमच त्याला जोडलेली नव्हती.

गच्चीकर
शंकेखोर यांचं वाचून मल्टिमीटर घेऊन वर गेलो. एक प्रोब रेलच्या कापलेल्या टोकाला, दुसरा एकेका फ्रेमच्या अर्थिंगच्या भोकात थोडं खरवडून. पहिल्या तीन फ्रेमना ०.३ ओहमच्या आसपास. चौथीला ‘ओएल’, म्हणजे जोडणीच नाही. पाचवीलाही तेच. क्लॅम्प हाताने हलत नाहीत इतके घट्ट आहेत. सहावीचा बोल्ट अर्धा फेरा आवळला तेव्हा आकडा आला, सोडला की गेला.

दोन्ही इन्स्टॉलरना फोन केला. पहिला म्हणाला, रॉड ठोकला की सगळं ठीक होईल. दुसरा उद्या वॉशर घेऊन येतोय. रॉड आणि खालचं बाँडिंग करायलाही तयार आहे.

जुना वायरमन
वॉशर टाकून झाले की बाराच्या बारा परत मोजा, त्याच्यासमोर. आणि आकडे इथे टाका.