बोरन्हाणात लुटायला कोणती खेळणी ठेवावीत?

माहेरवाशीण:
माझ्या मुलीचे पहिले बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. ती तेव्हा अकरा महिन्यांची असेल. शेजारची आणि नात्यातली मिळून पंधरा-सोळा मुले येतील. त्यांतली चार तीन वर्षांच्या आतली आहेत आणि सर्वांत मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. चुरमुऱ्यांत मिसळण्यासाठी सासूबाईंनी मोठ्या हौसेने आठवडी बाजारातून पिशवीभर खेळणी आणली आहेत: दिवे लागणाऱ्या अंगठ्या, शिट्ट्या, फुगे आणि लहान रबरी चेंडू. काल त्यांतली एक अंगठी मी सहज उघडून पाहिली, तर नखानेच मागचे झाकण निघाले आणि शर्टाच्या गुंडीएवढ्या तीन चपट्या बॅटऱ्या तळहातावर पडल्या. तेव्हापासून मन स्वस्थ नाही. सासूबाईंना न दुखावता काय बाजूला काढावे आणि त्याऐवजी काय आणावे?

रुग्णसेविका:
ताई, अंगठ्या आजच घरातून बाहेर काढा. मी बारा वर्षे बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. एका बाजूच्या नाकातून घाण वास येणारा स्राव असलेले मूल आमच्याकडे आले होते. घरच्यांनी सर्दी समजून चार दिवस काढले होते आणि आत अशीच एक बॅटरी निघाली. ओलसर जागी बॅटरीतून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि आतला पडदा जळतो. एक रुपयाच्या नाण्याएवढी लिथियमची बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

फुगेही नकोत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून श्वास पूर्ण बंद करू शकतो. आणि खेळण्यांइतकीच काळजी बोरांची व शेंगदाण्यांची घ्या. पाटावर बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे ओतावेत. बोरे, शेंगा, हरभरे आणि हलवा मोठ्या मुलांच्या हाती वेगळे द्यावेत.

खेळणीवाले काका:
आमचे दुकान वडिलांपासूनचे आहे, म्हणून व्यापाऱ्याच्या बाजूने सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालून पाहिला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते कळते. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, त्यामुळे क्रमांक नसलेली वस्तू मी ठेवत नाही. बॅटरीचे खेळणे घ्यायचेच असेल, तर झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले असावे.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाला वर्ज्य. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे त्याहून जराच मोठा चेंडूसुद्धा नको.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर चिन्ह दिसले नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत. मात्र रंग शिशाचा नाही ना, हे विक्रेत्याला विचारावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे (शिसे असल्या-नसल्याचा हा पुरावा नव्हे, पण सुटणारा रंग तोंडात जातो). संचातला आंबा आणि केळे खुशाल द्यावे. लिंबू आणि मिरची मात्र लहानांपासून दूर ठेवावी.

माहेरवाशीण:
दोघांचेही मनापासून आभार. त्या तीन बॅटऱ्या सासूबाईंच्या हातावर ठेवून ताईंनी लिहिलेले वाचून दाखवले. त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग स्वतःच पिशवी जमिनीवर रिकामी करून चेंडू दहाच्या नाण्याशी लावून पाहू लागल्या. एकही टिकला नाही. शिट्ट्यांपैकी एकीतली गोळी हलवताच बाहेर आली, त्यामुळे त्याही बाद केल्या. आता चार लहानग्यांसाठी कापडी चेंडू आम्ही दोघी घरीच शिवणार आहोत, आत जुन्या सुती साडीच्या चिंध्या भरून, बटण किंवा मणी न लावता. मोठ्यांना रंगीत खडू आणि चित्रवही देणार आहोत, तीही चुरमुऱ्यांत न मिसळता, औक्षण झाल्यावर ज्याच्या त्याच्या हातात.

रुग्णसेविका:
चेंडू शिवून झाले की शिवणीला दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा आणि दोरा लोंबता ठेवू नका. मुलीच्या अंगावरच्या हलव्याच्या दागिन्यांचीही तशीच काळजी घ्या: फोटो झाले की लगेच उतरवा, कारण त्यातला एक-एक दाणा तिच्या तोंडात जाण्याइतकाच असतो.